अकरा केळवणं

तुम्ही तिघी मला कधीपासून विचारताय ना, की त्या ॲपवाल्या कंपनीत घरबसल्या डाएट चार्ट करायचे सोडून मी अजून रोज सकाळी बिबवेवाडीच्या ट्रॅफिकमधून हॉस्पिटलला का जाते? सांगते. पण मधे बोलायचं नाही. मी एकदा थांबले की माझी लिंक तुटते, माहितीये तुम्हाला.

तर लिमये मॅडम. डॉक्टर सुनीती लिमये, पोटाच्या सर्जन. अल्सर, पित्ताशय, आतडी, पोटातले कॅन्सर, सगळं करतात, आणि गेली सोळा वर्षं वजन कमी करायची ऑपरेशनं. वय एकसष्ट. उंची चार फूट दहा इंच. मोठ्या पेशंटचं पोट टेबलावर किती उंच येतं तुम्हाला कल्पना नाहीये, म्हणून मॅडमसाठी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एक लाकडी स्टूल आहे, हॉस्पिटलच्या सुताराने करून दिलेलं, त्यावर उभ्या राहून त्या ऑपरेशन करतात. नव्या सिस्टरनं पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात सरकवलं, तर मॅडम दारातून म्हणाल्या, "सिस्टर, माझे उरलेले पाय आणता का जरा."

राहतात शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथेच वाढल्या. ससूनला सर्जरीला गेल्या तेव्हा त्यांच्या बॅचला एकटी मुलगी. त्यांना तेव्हा एक सर होते, डॉक्टर गोपाळकृष्ण परचुरे, ते म्हणाले होते, "लिमये, सर्जरीला उंची लागते. तुम्ही डोळ्यांचं वगैरे बघा काहीतरी." हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे.

मग दुर्बिणीची ऑपरेशनं आली. म्हणजे पोट उभं फाडायचं नाही, चार-पाच छोटी भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं, आणि बघायचं टीव्हीवर. तेव्हा पुण्यात ते शिकवायला कोण होतं? मॅडमनी काय केलं, बुटाचं खोकं घेतलं, त्याला भोकं पाडली, आत छोटा कॅमेरा बसवला आणि त्यात टाके घालायची प्रॅक्टिस. पण टाके कशाला घालणार? तर दर रविवारी मटणाच्या दुकानातून बोकडाची आतडी. वजडी. लिमयांच्या घरात वजडी, विचार करा. स्टीलच्या डब्यात लपवून आणायच्या, गच्चीत बसून तीन-तीन तास शिवायच्या. शेजारच्या कुसुमकाकूंनी त्यांच्या आईला विचारलं म्हणे, "सुनीती हल्ली रविवारी कुठे जाते हो? आणि येताना वास कसला असतो?" आणि तो दुकानदार, तो वेगळाच वैतागलेला. म्हणाला, "ताई, एवढी वजडी नेता, कधीतरी रश्श्याचं सांगा ना कसा झाला." मॅडम म्हणाल्या, "अजून शिजली नाही."

चार वर्षं. चार वर्षं दर रविवारी.

हे मला त्यांनी नाही सांगितलं हां, त्या स्वतःबद्दल एक वाक्य बोलत नाहीत. हे मला ओटीतल्या अनंतदादांनी सांगितलं, भूल देणारे डॉक्टर, ते पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर आहेत.

आता आबा. हिंदुराव, वाघोलीचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. वय एकावन्न, वजन एकशे एकाहत्तर किलो. जमीन होती, त्यातली बरीचशी बिल्डिंगांखाली गेली, आता पाण्याचे टँकर आणि मंगल कार्यालय. माणूस गोड. पहिल्यांदा ओपीडीत आले तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी मला विचारलं, "ही मोडली तर तुमच्या पगारातून कापतील का?"

त्यांना स्वतःच्या वजनाचं काही नव्हतं. ते आले मैनासाठी. मैना त्यांची मुलगी, तेवीस वर्षांची, आपल्याच वयाची, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. आईला शुगर आहे, मुक्ताबाईंना, त्यामुळे आईची किडनी नको म्हणाले. आबांची जुळत होती, सगळं जुळत होतं, पण किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढू शकत नाही, त्यांच्याच जिवाला धोका. एकशे दहाच्या खाली या, मग बोलू. आबांनी एक वर्ष प्रयत्न केला. चालले, काकडी खाल्ली, कसलीशी पावडर घेतली, आठ किलो उतरले, अकरा चढले. तोवर मैनाच्या हाताच्या शिरा डायलिसिसच्या सुयांनी बाद व्हायला लागल्या होत्या.

मॅडमनी सगळे रिपोर्ट बघितले. म्हणाल्या, जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकू, उरलेली बारीक नळी. भूक कमी होईल, वजन उतरेल, साधारण दहा महिने. मैना शेजारी बसली होती, कानात हेडफोन, मला वाटलं ऐकत नाहीये. एकदम म्हणाली, "म्हणजे त्यांचं आधी एक काढणार, मग दुसरं काढणार. आबा, तुम्हाला काही उरणारे का?"

आबा म्हणाले, "तू उरशील की."

मैनानं हेडफोन परत घातले आणि खिडकीकडे बघत बसली.

आता माझं काम. ऑपरेशनच्या आधी चौदा दिवस पेशंटला फक्त पातळ आहार. सूप, डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर. चव घ्यायची तर जिरं-हिंग, बस. आणि हे वजन उतरवायला नसतं. एवढ्या वजनाच्या माणसाचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं, आणि ते बरोब्बर जठराच्या वर पसरलेलं असतं. चौदा दिवस पातळ घेतलं की ते आक्रसतं, मऊ होतं, कॅमेऱ्यात उचलून धरता येतं. मी आबांना हे सगळं समजावलं, चार्ट दिला, मुक्ताबाईंना दिला, फोन केले. एक दिवसाआड विचारायचे, "आबा, मी दिलेलं सगळं घेताय ना?"

"येक थेंब ठेवत न्हाय, ताई."

खरं होतं ते. शप्पथ, अगदी खरं होतं.

आणि नेमका त्याच वेळी वर्कशॉप. दरवर्षी पोटाच्या सर्जन लोकांचं मोठं वर्कशॉप असतं, एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीनशे डॉक्टर बसतात आणि हॉस्पिटलमधून लाइव्ह ऑपरेशन मोठ्या पडद्यावर दाखवतात. ऑपरेशन करणाऱ्याला प्रश्न विचारतात, तो करता करता उत्तरं देतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते लिमये मॅडमच्या टेबलावर होणार होतं. आणि हॉलमध्ये माइक घेऊन कोण, तर परचुरे सर. वय ब्याऐंशी, तरी माइक सोडत नाहीत. आमच्या सगळ्या स्टाफला नुसता ताप चढला होता. अनंतदादांनी नवे बूट आणले. बूट ओटीत चालत नाहीत, तरी आणले.

मॅडमनी आबांना नीट विचारलं होतं, लाइव्ह चालेल का, तोंड दिसणार नाही, नाव येणार नाही. आबा म्हणाले, "दिसू द्या की पोट, आख्ख्या वाघोलीनं बघितलंय."

आदल्या दिवशी आबा ॲडमिट झाले. मी वजन घेतलं. चौदा दिवसांत कमीत कमी सहा किलो उतरायला हवं होतं. उतरलं होतं दीड.

मी काट्याकडे बघितलं. आबांना खाली उतरवून परत चढवलं. परत तेच. आणि मग मी, काय सांगू तुम्हाला, मी स्वतःला समजावलं. म्हटलं पाणी धरलं असेल, म्हटलं घरचा काटा वेगळा होता. खरं काय, तर वर्कशॉप उद्यावर होतं, हॉलमध्ये पडदे लागले होते, आणि मी चोवीस वर्षांची, मी कुठे जाऊन मॅडमना सांगू की थांबा. फाईलमध्ये आकडा लिहिला, छोट्या अक्षरात, आणि घरी गेले.

सकाळी नऊला सुरू. मी ओटीत कोपऱ्यात उभी, मला खास परवानगी होती. मॅडम स्टुलावर. कॅमेरा आत गेला, टीव्हीवर चित्र आलं. मला कळायला दोन सेकंद लागले. पडद्यावर सगळं पिवळं. पिवळं, जाड, चकचकीत लिव्हर, कडा गोल झालेल्या, जठर दिसतच नव्हतं. मॅडमनी हत्यारानं ते हळूच उचलायचा प्रयत्न केला, तर जिथे हत्यार टेकलं तिथून रक्त झिरपायला लागलं. त्यांनी कापूस दाबून धरला. थांबलं. परत दुसऱ्या बाजूनं, आणखी हळू. परत झिरपलं.

हॉलमधून परचुरे सरांचा आवाज आला, स्पीकरवर, खर्जातला. "डॉक्टर लिमये, आम्ही वाट पाहतोय. लिव्हर जरा जोमानं उचललंत तर बरं होईल."

मी घड्याळ बघत होते. चार मिनिटं मॅडम नुसत्या बघत होत्या, कॅमेरा इकडून, कॅमेरा तिकडून. जठराचा वरचा कोपरा असतो ना, प्लीहेजवळचा, तिथे जरा चुकलं तर नंतर गळती होते आणि माणूस जाऊ शकतो. तो कोपरा दिसतच नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "मी थांबतेय."

स्पीकरवर खरखर. मग सर म्हणाले, "थांबताय म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेशन करत नाहीये. मला मागचं दिसत नाही. जे दिसत नाही ते मी कापत नाही."

"अहो पण तीनशे लोक बसलेत इथे."

"त्यांना जेवायला सोडा सर लवकर. मी पेशंटला उठवते."

आणि खरंच. रक्त पूर्ण थांबलंय ना ते तीन वेळा बघितलं, हत्यारं बाहेर काढली, छोटे टाके घातले, स्टुलावरून उतरल्या. तिकडे हॉलमध्ये पडदा काळा झाला. नंतर कळलं, लोक हसले म्हणे. कोणीतरी बोललं, लिमये घाबरल्या. एका कंपनीचा माणूस आमच्याकडे वायरी गुंडाळत होता, तो मला म्हणाला, "थोडं रिस्क घ्यायला पाहिजे होतं मॅडमनी, एवढा चान्स परत येत नाही." आणि नाहीच आला. पुढच्या वर्षीचं वर्कशॉप दुसऱ्यांकडे गेलं.

मी बाहेर हात धुवायच्या बेसिनपाशी मॅडमना गाठलं. म्हटलं, "मॅडम, काल वजन घेतलं तेव्हा..."

"किती उतरलं होतं?"

"दीड."

"किती उतरायला हवं होतं?"

"सहा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"वर्कशॉप होतं, मॅडम."

त्या हात पुसत होत्या. म्हणाल्या, "वर्कशॉप माझं होतं. लिव्हर त्यांचं होतं." मग टॉवेल ठेवून, "फाईल माझ्यासमोरही होती. अक्षर बारीक होतं तर चष्मा घालायला हवा होता मी. चला, रडायचं ते नंतर, आधी त्या माणसाला सांगायचंय."

मला वाटलं त्या आबांना झाडणार. मी झाडलं असतं. बाहेर वेगळंच पेटलं होतं. आबांचे धाकटे भाऊ संपतराव कॉरिडॉरमध्ये मॅडमच्या समोरच उभे राहिले, "पोटाला पाच भोकं पाडली अन् काहीच केलं न्हाय? आमच्या पोरीचं आता काय?" मुक्ताबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या. मैना उभी होती, चेहऱ्यावर काहीच नाही.

मॅडम म्हणाल्या, "संपतराव, माझ्यावर नंतर ओरडा, मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. आत चला, सगळेच चला."

आबा जागे झाले होते. मॅडम पेशंटशी कधी उभ्यानं बोलत नाहीत, खाटेवर कडेला बसतात. बसल्या. आबांनी विचारलं, "झालं का?"

"नाही झालं. आत लिव्हर फार सुजलेलं आहे. जबरदस्ती केली असती तर तुम्ही टेबलावर गेला असता. मग मैनाला बापही नाही आणि किडनीही नाही."

आबा छताकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. आता मला वाटलं मॅडम विचारणार, काय खाल्लंत. त्यांनी काय विचारलं माहितीये? म्हणाल्या, "आबा, गेल्या पंधरवड्यात सगळ्यात चवीचं काय होतं?"

बोलता बोलता सांगून गेला तो माणूस. "संपतच्या बायकूनं काळं मटान केलं हुतं मॅडम. तसलं मटान न्हाय कुठं."

"आणि?"

"भैरूच्या घरी मांडं. पुरणाचं. तुपात भिजलेलं."

"आणि?"

आणि मग सगळं बाहेर आलं. केळवणं. हो, केळवणं, लग्नाआधी नवऱ्या मुलाला नातेवाईक जेवायला बोलावतात ना, ती. आबा पोरीसाठी पोट कापून घेणार, त्यानंतर त्यांना कधी पोटभर जेवता येणार नाही, हे भावकीत कळलं. मग भावकी गप्प बसणारे का? पहिलं केळवण संपतरावांनी केलं. मग दुसऱ्या घरानं विचारलं, आम्ही काय परके? एकेक करत चौदा दिवसांत अकरा घरं. पाटाभोवती रांगोळी, ओवाळणं, टोपी-टॉवेल. अकरा टॉवेल झालेत त्यांच्याकडे.

मी न राहवून म्हटलं, "आबा, मी एक दिवसाआड फोन करत होते."

"ताई, तुम्ही इचारलं तुमचं दिल्यालं घेतलं का. घेतलं की. सकाळपासनं सांजपातूर तुमचं सूप, तुमची पावडर. केळवणाचं तुम्ही इचारलंच न्हाय."

नव्हतं विचारलं. काय घेतलं ते मी विचारलं, आणखी काय खाल्लं ते विचारलंच नाही. दोन वर्षं पोस्ट ग्रॅज्युएशन करून.

"नाही म्हणता नाही आलं?" मॅडमनी विचारलं.

"कुणाला म्हणायचं? ती माणसं माझ्या पोरीसाठी ताट वाढत हुती. ताटाला न्हाय म्हणायचं म्हंजी तिला न्हाय म्हणल्यागत."

संपतराव दारात उभे होते, त्यांची मान खाली गेली होती. मैना हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी एकेकाच्या घरी जाऊन ताट उचललं असतं."

मॅडमनी एकच विचारलं, "अजून कोणाचं राहिलंय का?"

मुक्ताबाई म्हणाल्या, "सोजरवन्संचं. बिबवेवाडीला असतात. थोरल्या हैत, त्यांनी म्हणलं मी शेवटचं करीन, पण त्यांचा गुडघा धरला."

"मग ते होऊ द्या. वाघोलीतच करा, मंगल कार्यालय आहेच तुमचं. जखमा भरल्या की पुढच्या महिन्यातला एखादा रविवार. ज्यांनी ज्यांनी वाढलं ते सगळे यायला हवेत. आणि मलाही बोलवा." मग माझ्याकडे वळून, "अहो आहारतज्ज्ञ, तुम्हीही."

त्या मला चिडवायचं असलं की अशीच हाक मारतात.

तर तो रविवार. सत्तरेक माणसं, आणि सोजरबाई, सत्तर वर्षांच्या, खुर्चीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडतायत. मॅडम आल्या, लहानशा, कॉटनची साडी, हातात पर्स. एका बाईनं विचारलं, "डॉक्टर कधी येणार?" मॅडम म्हणाल्या, "आले ते. वाढले नाहीत एवढंच."

जेवणाआधी त्यांनी एक गोधडी मागवली, आणि एक तांब्या. तांब्या जमिनीवर ठेवला, वर गोधडी टाकली, चांगली जाड, घडीची. संपतरावांना हाताला धरून पुढे आणलं, दोन काठ्या दिल्या. "हा तांब्या म्हणजे आबांचं जठर. गोधडी म्हणजे लिव्हर. हात लावायचा नाही, काठ्यांनी गोधडी वर करा, आणि तांब्याच्या तोंडाला ही दोरी बांधा. गोधडीला भोक पडलं तर आबा गेले."

संपतराव घामाघूम. गोधडी उचलली की काठीवरून घसरायची, तांब्या दोनदा लवंडला, लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मग मॅडमनी गोधडी काढून घेतली आणि तिथे पातळ लुगडं टाकलं. संपतरावांनी एका काठीनं ते उचललं, दुसरीनं दोरी अडकवली, संपलं.

"चौदा दिवस पातळ घेतलं की गोधडीचं लुगडं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ताट वाढलंत ते त्यांच्या पोटात नाही गेलं, गोधडीत गेलं." बास. एवढंच भाषण.

मागून एक काकू म्हणाल्या, "मंग आता चौदा दिस आमी त्याच्याकडं नुसतं बघत बसायचं व्हय?"

आणि सोजरबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "बघत कशापाई? केळवान मोडत न्हाय. पातळ करू. माझ्यासकट बारा घरं हैत, बारा दिस झालं. वरचं दोन मुक्ता करंल. पर कायदा एक. ज्याच्या घरी केळवान, त्या घरानं त्या दिशी तेच प्यायचं. मंग बघू कोण कालवतंय मटान."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अहो आहारतज्ज्ञ, वही काढा."

मी काढली. बारा बायका माझ्याभोवती. कोणी म्हणाली कुळथाचं पाणी चालंल का, कोणी म्हणाली आमचं ताक, कोणी शेवग्याचं सार, कोणी मुगाचं कढण. मी आयुष्यात एवढे चांगले चार्ट केले नाहीयेत. कॉलेजात शिकवलेलं टोमॅटो सूप बाजूला राहिलं.

मग जेवणं. मॅडम शाकाहारी, त्यांना वेगळं वाढलं. आबांना मॅडमनी त्या दिवशी पोटभर जेवू दिलं, म्हणाल्या, उद्यापासून माझं राज्य. सोजरबाईंनी भावासाठी खास वजडी केली होती. ते पातेलं आणलं तेव्हा मॅडम वाकून बघत राहिल्या. सोजरबाई म्हणाल्या, "बाई, चालत न्हाय ना तुमाला?"

"चालत नाही. पण ओळख जुनी आहे. पस्तीस वर्षांपूर्वी शिवायचे मी ही, दर रविवारी."

सोजरबाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना आबा म्हणाले, "मॅडम, तुमचं केळवण राहिलं."

"राहू द्या. किडनीच्या आधी करीन."

ते चौदा दिवस मी रोज फोन केला आणि रोज दोन प्रश्न विचारले. काय घेतलंत, आणि आणखी काय. पाचव्या दिवशी भैरूंच्या घरातला लहान मुलगा फोनवर आला, म्हणाला, "आमी पण कडण पितोय. कदी संपणार?" आबा परत ॲडमिट झाले तेव्हा वजन घेतलं. आठ किलो उतरलं होतं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि मॅडमच्या केबिनमध्ये स्वतः नेऊन दिलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ओटीच्या फळ्यावर माझी सही नसेल तर पेशंट आत जात नाही. मॅडमचासुद्धा. मी आत्तापर्यंत चार जणांना थांबवलंय, त्यातला एक मॅडमच्या बँकेचा मॅनेजर.

मंगळवारी ऑपरेशन झालं. हॉल नाही, पडदा नाही, माइक नाही. कॅमेरा आत गेला, लिव्हर लालसर तपकिरी, कडा पातळ, मॅडमनी एका हत्यारानं उचललं तर पानासारखं वर गेलं. मागे जठर, स्वच्छ, वरच्या कोपऱ्यापर्यंत. अनंतदादा म्हणाले, "लुगडं." मॅडम म्हणाल्या, "बोलू नका, शिवतेय." बावन्न मिनिटं.

आणि मग मुली, दहा महिने. एकशे त्रेसष्टवरून एकशे चाळीस, एकशे एकवीस, मधे दीड महिना काटा हललाच नाही, आबा रडकुंडीला आलेले, मॅडमनी त्यांना सांगितलं, "लिव्हरनं माझा एक दिवस घालवला, मी गप्प बसले. तुम्ही दीड महिना बसा." मग परत उतरायला लागलं. एकशे सहाला किडनीच्या डॉक्टरांनी हो म्हटलं.

किडनीच्या ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मॅडमकडचं केळवण. शनिवार पेठेत, तिसरा मजला, आणि आबा जिने चढून आले. एका दमात नाही, पण आले. मेन्यू कोणी करायचा? मी. दोन आठवडे मला झोप नाही. बाप एका वेळी अर्ध्या वाटीच्या वर खाऊ शकत नाही, मुलीला मीठ नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, केळं नाही, पाणी मोजून. सांगा आता उरतं काय? मऊ भात, अंड्याच्या पांढऱ्याचं ऑम्लेट मिरपूड घालून, दुधी, लिंबू. मॅडमच्या स्वयंपाकघरात अंडं पहिल्यांदा आलं, पण वजडी येऊन गेलेली होती, त्यामुळे घराला सवय होती. पाटाभोवती रांगोळी मॅडमनी स्वतः काढली, टाके घालावेत तशी, एकेक ठिपका सारख्या अंतरावर.

आबांनी ताटाकडे बघितलं. अर्धी वाटी भात, चमचाभर दुधी. म्हणाले, "मॅडम, पुण्यातल्या पाव्हणचाराची लय भीती घातली हुती मला लोकांनी. आता परवडतोय."

"तुमच्यासाठीच आम्ही चारशे वर्षं सराव करतोय," मॅडम म्हणाल्या.

मैना पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मी तिला कधी हसताना बघितलंच नव्हतं.

मग आहेर. आबांना टॉवेल नाही, बारा झालेत. त्यांना तयार शर्ट दिला, दुकानातला, साध्या मापाचा. वीस वर्षांत तयार शर्ट त्यांना कधी झाला नव्हता. तिथल्या तिथे अंगावरच्या कपड्यांवरून घालून बघितला, शेवटचं बटण लागलं नाही, मॅडम म्हणाल्या, "दोन महिन्यांनी लागेल, बदलायचा नाही."

आणि मैनाला एक बाटली. स्टीलची पाण्याची बाटली, एक लिटरची. मैना तिच्याकडे बघतच राहिली, कारण तीन वर्षं ती पाणी कपानं मोजून पितेय, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून दिवस काढतेय. मॅडम तिच्या शेजारी पाटावर बसल्या. "आत्ता वापरायची नाही. ऑपरेशननंतर ते तुला सांगतील, दिवसाला तीन लिटर पी. तेव्हा ही तीनदा भरायची."

मैनानं बाटलीचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं.

ऑपरेशन परवाच्या गुरुवारी झालं. दोन्ही. आबा दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि सिस्टरला विचारलं, खुर्ची बरी आहे का. आणि आज सकाळी मी सिग्नलला थांबले होते, तर फोन वाजला, मैनानं पाठवलेला फोटो. तीच बाटली, हॉस्पिटलच्या टेबलावर, झाकण उघडं, आडवी ठेवलेली, म्हणजे रिकामी.

खाली लिहिलं होतं, दुसरी चालू आहे.